नेत्याचं भाषण, आमदाराची खुर्ची : धर्माच्या नावावर मत मागण्याचा कायदा मुंबईतल्या चार खटल्यांमधून

निवडणूक लागली की दोन प्रश्न आमच्यासमोर हमखास येतात. पहिला, अमुक नेता भर सभेत आपल्या समाजाविरुद्ध बोलला, त्याच्यावर कारवाई का होत नाही? दुसरा, मशिदीत किंवा जमातीच्या बैठकीत अमक्या उमेदवाराला मत द्या असं सांगितलं तर ते चालतं का? दोन्हींची उत्तरं बहुतांशी एकाच कलमात आहेत. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३. हे कलम आज ज्या अर्थाने वाचलं जातं तो अर्थ घडवण्यात मुंबईच्या आमदारांचा, त्यातही उपनगरांतल्या आमदारांचा, मोठा वाटा आहे. कायदा त्यांनी विधानसभेत बनवला असं नाही. त्यांच्यावर खटले झाले आणि न्यायालयात त्यांनी आपली बाजू मांडली, त्यातून तो घडला.

आधी कलम काय म्हणतं ते पाहू. उमेदवाराने, त्याच्या एजंटाने किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कुणीही धर्म, वंश, जात, समुदाय किंवा भाषा या आधारावर मत द्या किंवा देऊ नका असं आवाहन करणं ही 'भ्रष्ट प्रथा' आहे. हे पोटकलम ३. निवडणुकीच्या फायद्यासाठी समाजासमाजांत वैर किंवा द्वेष पसरवणं हे पोटकलम ३-अ, ते १९६१ साली आलं. आणि अमक्याला मत दिलं तर खुदाचा कोप होईल अशी भीती घालणं हा पोटकलम २ मध्ये 'अनुचित दबाव' ठरतो. भ्रष्ट प्रथा सिद्ध झाली की निवडणूक रद्द होते, आणि दोषी व्यक्तीला सहा वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. यादीत भाषाही आहे हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मुलुंड-घाटकोपरात मराठी-गुजराती असा वाद प्रचारात निघतो तेव्हा हेच कलम लागू होतं.

पार्ल्याची पोटनिवडणूक

विलेपार्ले मतदारसंघात १३ डिसेंबर १९८७ ला पोटनिवडणूक झाली. शिवसेनेचे उमेदवार डॉ. रमेश प्रभू, काँग्रेसचे प्रभाकर कुंटे आणि जनता पक्षाचे प्राणलाल व्होरा अशी मुख्य लढत होती. आज ऐकायला गंमत वाटेल, पण त्या वेळी भाजपचा पाठिंबा शिवसेनेला नव्हता, व्होरांना होता. सेना-भाजप युती झाली ती १९८९ मध्ये. डॉ. प्रभू त्या सुमारास मुंबईचे महापौरही होते.

प्रचारात बाळासाहेब ठाकरे यांच्या तीन सभा पुढे खटल्यात आल्या. २९ नोव्हेंबर, ९ डिसेंबर आणि १० डिसेंबरच्या. भाषणांचा रोख असा होता की ही निवडणूक हिंदू धर्माच्या रक्षणासाठी आहे आणि मुसलमानांच्या मतांची आम्हाला पर्वा नाही. मशिदींविषयीही बोललं गेलं. प्रभू निवडून आले. कुंटे यांनी मुंबई उच्च न्यायालयात निवडणूक याचिका केली आणि ७ एप्रिल १९८९ रोजी न्या. एस. पी. भरुचा यांनी निवडणूक रद्द ठरवली. प्रभू आणि ठाकरे दोघेही सर्वोच्च न्यायालयात गेले.

तिथे आमदाराच्या बाजूने जे मुद्दे मांडले गेले ते नीट समजून घेण्यासारखे आहेत, कारण आजही जवळजवळ प्रत्येक पक्षाचे लोकप्रतिनिधी खासगीत तेच बोलतात. हे कलम भाषणस्वातंत्र्याच्या आड येतं, हा एक. दुसरा असा की कलम अगदी अरुंद अर्थाने वाचलं पाहिजे. उमेदवाराच्या धर्माच्या नावाने थेट मत मागितलं तरच गुन्हा, नुसता धर्माचा उल्लेख आला म्हणून नाही. तिसरा, जो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : नेता जे बोलला त्याची जबाबदारी उमेदवारावर कशी?

११ डिसेंबर १९९५ रोजी न्या. जे. एस. वर्मा, न्या. एन. पी. सिंह आणि न्या. के. वेंकटस्वामी यांच्या खंडपीठाने निकाल दिला. भाषणस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालता येतात आणि हा तसाच निर्बंध आहे, म्हणून कलम घटनाबाह्य नाही. भाषणं भ्रष्ट प्रथेत मोडतात. आणि ठाकरे हे त्या पक्षाचे सर्वोच्च नेते, उमेदवार त्या पक्षाचा, तेव्हा उमेदवाराची संमती होती हेही न्यायालयाने धरलं. दोन्ही अपिलं फेटाळली गेली.

याच निकालात 'हिंदुत्व' या शब्दाबद्दलचा तो प्रसिद्ध परिच्छेद आहे : हा शब्द उच्चारला म्हणजे आपोआप धर्माच्या नावावर मत मागितलं असं होत नाही, तो जीवनपद्धती या अर्थानेही वापरला जातो, प्रत्येक भाषण त्याच्या संदर्भात तपासावं. पुढे तीस वर्षं राजकारणात एवढाच परिच्छेद फिरत राहिला. ज्या निकालात तो आहे त्याच निकालाने आमदारकी घालवली, हे मात्र सांगितलं जात नाही.

आता तारखा पाहा. ज्या विधानसभेसाठी पार्ल्याची पोटनिवडणूक झाली ती १९९० लाच संपली होती. १९९० आणि १९९५ अशा आणखी दोन निवडणुका होऊन गेल्या. मधल्या काळात डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबई जळाली, जोगेश्वरीसारख्या वस्त्यांची कायमची फाळणी झाली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा राज्यात शिवसेनेचाच मुख्यमंत्री होता. ठाकरे यांना सहा वर्षं मतदान करण्यास आणि निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवण्याचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला तो जुलै १९९९ मध्ये. भाषण १९८७ चं, शिक्षा १९९९ ची. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत त्यांना मत देता आलं नाही. पण त्यांनी तोपर्यंत स्वतः कधी निवडणूक लढवलेलीच नव्हती, आणि अपात्रतेने प्रचार थांबत नाही.

त्याच दिवशी, दादर

११ डिसेंबर १९९५ लाच याच खंडपीठाने दुसरा निकाल दिला, मनोहर जोशी यांचा. १९९० मध्ये ते दादरमधून निवडून आले होते आणि निकालाच्या दिवशी मुख्यमंत्री होते. शिवाजी पार्कच्या सभेत त्यांनी पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल अशा अर्थाचं विधान केलं होतं. उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, विधान निंद्य असेल, पण ती एक आशा व्यक्त करणं आहे, धर्माच्या आधारावर मत मागणं नाही. निवडणूक वाचली.

या खटल्यात आणखी एक तांत्रिक बाब होती. ठाकरे आणि प्रमोद महाजन यांच्या भाषणांचाही आधार घेतला गेला होता, पण त्यांना कलम ९९ खालची नोटीस गेलेली नव्हती. जो खटल्यात पक्षकार नाही त्याचं नाव भ्रष्ट प्रथेत घ्यायचं तर त्याला नोटीस देऊन बाजू मांडण्याची, साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची संधी द्यावी लागते. पार्ल्याच्या खटल्यात हे झालं होतं, दादरच्या खटल्यात झालं नव्हतं. याचिका लिहिणाऱ्याने एवढी गोष्ट जरी विसरली तरी नेता सुटतो.

आपल्या घरातला खटला : कुंभारवाडा

इथे थांबून आपल्याकडेही बघितलं पाहिजे. पार्ल्याच्या पंधरा वर्षं आधी, १९७२ च्या विधानसभा निवडणुकीत, दक्षिण मुंबईतल्या कुंभारवाडा मतदारसंघातून मुस्लिम लीगचे झियाउद्दीन बुखारी निवडून आले. समोर काँग्रेसचे शौकत करीमभॉय छागला होते, म्हणजे दोन्ही उमेदवार मुसलमान. बुखारी यांच्या भाषणांत मुस्लिम पर्सनल लॉचा मुद्दा होता, आणि त्याचबरोबर छागला हे खरे मुसलमान नाहीत, अशा माणसाला मत दिलं तर अल्लाहची नाराजी ओढवेल, असा सूर होता. भाषणांचं ध्वनिमुद्रण झालेलं होतं. उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. निकालपत्र न्या. मिर्झा हमीदुल्लाह बेग यांनी लिहिलं, जे पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. टेपवरचं भाषण पुरावा म्हणून कधी ग्राह्य धरायचं याबद्दल हा निकाल आजही वकील वाचतात.

हा खटला आपल्याकडे फारसा कुणाला आठवत नाही. आठवायला हवा, दोन कारणांसाठी. एक तर कलम १२३ फक्त बहुसंख्याकांच्या नेत्यांसाठी आहे हा समज चुकीचा आहे, ते आपल्या उमेदवाराचीही आमदारकी घेतं आणि घेतलेली आहे. दुसरं म्हणजे रेषा कुठे आहे ते यातून दिसतं. पर्सनल लॉ बदलू नये असं उमेदवाराने म्हणणं हा धोरणाचा मुद्दा झाला. 'तो धड मुसलमान नाही, त्याला मत देणं गुनाह आहे' असं म्हणणं म्हणजे मतदाराच्या ईमानालाच हात घालणं. मिंबरवरून बोलणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. मतदानाला जा, यादीत नाव तपासा, विचार करून मत द्या, हे सांगायला कुठलाही कायदा आड येत नाही.

सांताक्रूझ आणि 'त्याचा' हा एक शब्द

चौथा खटला पुन्हा उपनगरातला. १९९० ला सांताक्रूझ मतदारसंघातून भाजपचे अभिराम सिंह निवडून आले. काँग्रेसचे सी. डी. कोमाचेन यांनी आव्हान दिलं, उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली, सिंह सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रश्न एका शब्दाचा होता. कलमात 'त्याच्या धर्माच्या आधारावर' असं आहे. हा 'तो' कोण? ज्याच्यासाठी मत मागितलं तो उमेदवार, की ज्याच्याकडे मागितलं तो मतदारही?

तीन न्यायाधीशांनी १९९६ मध्ये हे प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवलं. २०१४ मध्ये ते सात न्यायाधीशांकडे गेलं. २ जानेवारी २०१७ रोजी निकाल आला, चार विरुद्ध तीन. सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर, न्या. मदन लोकूर, न्या. शरद बोबडे आणि न्या. नागेश्वर राव यांनी म्हटलं की 'त्याच्या' मध्ये उमेदवार, प्रतिस्पर्धी, एजंट आणि मतदार सगळे येतात. म्हणजे 'मी हिंदू आहे म्हणून मत द्या' हे जसं चालत नाही, तसंच 'तुम्ही मुसलमान आहात म्हणून अमक्याला मत द्या' हेही चालत नाही. न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. आदर्श गोयल आणि न्या. उदय लळित यांचं मत वेगळं पडलं. ज्या समाजाने धर्म, जात किंवा भाषेमुळे अन्याय सोसला त्याच्या व्यथा निवडणुकीत मांडता येत नसतील तर लोकशाही एक पोकळ गोष्ट होईल, अशी त्यांची चिंता होती.

आमचा कल, स्पष्टच सांगतो, अल्पमताच्या या चिंतेकडे आहे. गोवंडी-मानखुर्दच्या उमेदवाराने तिथल्या मुसलमानांना घर भाड्याने मिळत नाही असं सभेत सांगितलं, सच्चर समितीचा दाखला दिला, आरक्षणाचं आश्वासन दिलं, तर ते धर्माच्या आधारावर आवाहन झालं का? बहुमताच्या निकालाने असे मुद्दे मांडायला थेट बंदी घातलेली नाही, पण रेषा धूसर ठेवली आहे. आणि धूसर रेषेची भीती कमजोर बाजूलाच जास्त वाटते. तरीही बहुमताच्या निकालाचा एक फायदा नाकारता येत नाही. 'हिंदूंनो एक व्हा, नाहीतर संपाल' अशा धाटणीच्या भाषणात उमेदवाराच्या धर्माचा शब्दही नसतो. जुन्या अरुंद अर्थाने ते सुटलं असतं, नव्या अर्थाने सुटू नये.

'हिंदुत्व'वाल्या परिच्छेदाचा फेरविचार मात्र सात न्यायाधीशांनी केला नाही. त्यासाठीची विनंती ऑक्टोबर २०१६ मध्येच नाकारली गेली होती.

आमदाराची तक्रार कितपत खरी?

आता पुन्हा त्या तिसऱ्या मुद्द्याकडे. विधानसभेचा उमेदवार म्हणतो, नेता एका संध्याकाळी येतो, तासभर बोलतो, पुढच्या सभेला निघून जातो. मला नंतर पाच वर्षं कोर्टात उभं राहावं लागतं. यात तथ्य आहे. पक्षाने पाठवलेल्या नेत्याला 'हे बोलू नका' असं सांगण्याची ताकद किती उमेदवारांत असते? ज्याच्या सहीने तिकीट मिळतं त्याचा माईक कोण काढून घेणार?

पण कायद्याची दुसरी बाजूही पाहा. खर्चाच्या हिशेबात स्टार प्रचारकाचा प्रवास उमेदवाराच्या खात्यात धरला जात नाही, कलम ७७ तशी सवलत देतं. म्हणजे हेलिकॉप्टर पक्षाचं, गर्दी उमेदवाराची. नेत्याच्या येण्याचा फायदा घ्यायचा आणि त्याच्या बोलण्यापासून हात झटकायचे, हे दोन्ही एकदम मागता येणार नाही. आमच्या मते खरा दोष तिसऱ्याच ठिकाणी आहे : या सगळ्यात पक्ष कुठेच अडकत नाही. आमदाराची खुर्ची जाते, नेत्याचं मत जातं, पक्षाचं चिन्ह आणि मान्यता जागच्या जागी राहते. २००२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की काही मोजके अपवाद वगळता निवडणूक आयोगाला पक्षाची नोंदणी रद्द करण्याचा अधिकार नाही. चिन्हांविषयीच्या आदेशात १९९४ पासून परिच्छेद १६-अ आहे, आचारसंहिता न पाळणाऱ्या मान्यताप्राप्त पक्षाची मान्यता स्थगित करण्याची किंवा काढण्याची तरतूद त्यात आहे. धार्मिक प्रचाराच्या प्रश्नावर हे हत्यार म्यानातच राहिलं आहे.

आयोग काहीच करत नाही असं नाही. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केल्यावर योगी आदित्यनाथ यांना ७२ तास आणि मायावती यांना ४८ तास प्रचारबंदी झाली. मायावतींनी देवबंदच्या सभेत मुस्लिम मतदारांना मत फुटू न देण्याचं आवाहन केलं होतं. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पंतप्रधानांच्या बांसवाड्याच्या भाषणाची तक्रार झाली, तेव्हा आयोगाने नोटीस भाजपच्या अध्यक्षांना पाठवली, आणि राहुल गांधींबाबतच्या तक्रारीवर काँग्रेसच्या अध्यक्षांना. वक्त्याऐवजी पक्षाला जाब विचारण्याची ही दिशा तत्त्वतः बरोबर होती, पण नोटिशीपुढे काही घडलं पाहिजे ना. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत 'व्होट जिहाद' आणि 'बटेंगे तो कटेंगे' हे शब्द महाराष्ट्रभर फिरले. त्या निवडणुकीत वर्सोव्याचा निकाल १,६०० मतांनी लागला, मालेगाव मध्यचा १६२ मतांनी. एवढ्या बारीक फरकाच्या जागांवर दोन-चार टक्के मतं इकडून तिकडे नेणारं भाषण पक्षांना किती मोलाचं वाटत असेल याचा अंदाज करावा.

सुधारणांचे प्रस्ताव कागदावर पुष्कळ आहेत. १९९३ मध्ये नरसिंह राव सरकारने धर्म आणि राजकारण वेगळं करण्यासाठी घटनादुरुस्तीचं विधेयक आणलं, ते मंजूर झालं नाही. विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात उच्च न्यायालयांत निवडणूक याचिकांसाठी वेगळी पीठं नेमून ठरावीक मुदतीत निकाल द्यावा असं सुचवलं. आजचा कायदाही सहा महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असं म्हणतो. पार्ल्याला उच्च न्यायालयातच सव्वा वर्षाहून जास्त लागलं, सांताक्रूझच्या प्रश्नाला सत्तावीस वर्षं. एखादी एकच सुधारणा मागायची असेल तर आम्ही ही वेळेची मागू. विधानसभा जिवंत असताना निकाल लागला तरच आमदार घाबरेल, आणि आमदार घाबरला तरच तो नेत्याला आधी सांगून ठेवेल.

मतदाराच्या हातात काय

निवडणूक याचिका करण्यासाठी उमेदवार असण्याची गरज नाही, त्या मतदारसंघाचा कुठलाही मतदार ती करू शकतो. ती थेट उच्च न्यायालयात करायची असते, अनामत दोन हजार रुपये. भ्रष्ट प्रथेचा आरोप असेल तर नमुना २५ मधलं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं, आणि कोण, कधी, कुठे, काय बोललं हे तपशिलाने लिहावं लागतं. 'त्यांनी द्वेष पसरवला' एवढ्यावर याचिका टिकत नाही.

पुरावा हा सर्वांत नाजूक भाग. मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ किंवा व्हॉट्सअॅपवर आलेली क्लिप तशीच चालत नाही. २०१४ मध्ये केरळच्या एका निवडणूक खटल्यात सीडी होत्या, पण पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र नव्हतं, म्हणून त्या बाद झाल्या. २०२० मध्ये आपल्या जालन्याच्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात प्रमाणपत्राची अट सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पक्की केली. मात्र ज्याच्या ताब्यात मूळ यंत्र आहे तो प्रयत्न करूनही प्रमाणपत्र देत नसेल तर न्यायालयाकडे दाद मागता येते, हेही सांगितलं. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. म्हणून भाषण रेकॉर्ड केलं असेल तर मूळ फोन जपून ठेवा, मूळ फाईल खोडू नका, काटछाट करू नका, तारीख, वेळ आणि सभेची जागा त्याच दिवशी लिहून ठेवा.

प्रचार चालू असताना तक्रार करायची तर निवडणूक अधिकाऱ्याकडे लेखी किंवा आयोगाच्या सी-व्हिजिल अॅपवर करता येते. वैर पसरवणाऱ्या भाषणाबद्दल कलम १२५ खाली पोलिसांत गुन्हाही दाखल होऊ शकतो, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण निवडणूक रद्द व्हायची तर याचिकाच लागते, आणि तिची मुदत उमेदवार निवडून आल्याच्या तारखेपासून ४५ दिवस. शेहेचाळिसाव्या दिवशी गेलात तर उशीर माफ करण्याचा अधिकार उच्च न्यायालयालाही नाही.